वावरातला कागद आणि समुद्राचे पाणी

गेल्या उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या एका गावी खरीपपूर्व सभा होती. सोयाबीनची उगवणशक्ती, बीजप्रक्रिया, हळदीचे बेणे असे नेहमीचे विषय झाले. शेवटी वेळ उरला म्हणून मी प्लास्टिकच्या बारीक कणांचा विषय काढला. समुद्राच्या पाण्यात हे कण कसे सापडतात, माशांच्या पोटात कसे जातात, असे सांगत होतो. मागे खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मधेच विचारले, "साहेब, हे आम्हाला कामून सांगता? आमचा अन् समुद्राचा संबंध मिठापुरता." सभा हसली. मीही हसलो आणि विषय तिथेच सोडला.

पण बाबा बोलले ते डोक्यातून जाईना. मिठाचीच गोष्ट घ्या. २०१८ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी बाजारातले समुद्री मीठ तपासले, तर त्यात प्लास्टिकचे कण निघाले. साध्या वाळूच्या गाळणीने वजनाच्या हिशेबाने त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक काढता येतात, असेही त्यांनीच दाखवले. म्हणजे समुद्रात गेलेले प्लास्टिक मिठाच्या पुडीतून सेनगावच्या चुलीपर्यंत येते. हा झाला परतीचा रस्ता. जाण्याचा रस्ता कोणता, ते आता पाहू.

आपला तालुका पाणलोटाच्या दोन अंगांवर आहे. कयाधूकडचे पाणी हिंगोली, कळमनुरीच्या बाजूने पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला. येलदरीकडच्या शिवाराचे पाणी पूर्णेला जाते आणि पूर्णाही शेवटी गोदावरीलाच मिळते. पाऊस बांधाच्या या अंगाला पडो की त्या, वाहून गेलेले पाणी आंध्रात बंगालच्या उपसागरालाच जाणार. मृग जोरात बरसला की नाल्याला गढूळ लोंढा येतो, त्यात माती असते हे आपण जाणतो. माती एकटी जात नाही, एवढेच सांगायचे आहे.

आता हे कण म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. पाच मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तुरीच्या दाण्यापेक्षा, लहान असलेला प्लास्टिकचा तुकडा म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक. इंग्लंडमधील प्लायमाउथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत व पाण्यात असे कण दाखवले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. प्लास्टिक कुजत नाही, ते फुटते. उन्हाने कडक होते, तडकते, एकाचे दहा आणि दहाचे हजार होतात. डोळ्यांना दिसेनासे झाले म्हणजे संपले, असे नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना माणसाच्या रक्तातही हे कण सापडले. त्याने शरीराला नेमके काय होते याचा अभ्यास सुरू आहे, म्हणून उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण जी वस्तू एकदा मातीत मिसळली की काढता येत नाही, तिच्याबाबत आधी सावध झालेले बरे.

किनाऱ्यावरचे लोक काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शहा यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वतः कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो माणसे जोडली गेली. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. मोठे काम झाले, यात शंका नाही. पण साफ केलेल्या किनाऱ्यावर पुढची भरती पुन्हा कचरा आणून टाकते, हा तिथला रोजचा अनुभव. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडाले आणि त्यातले प्लास्टिकचे पांढरे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. चाळण्या घेऊन माणसे वाळूतून ते दाणे वेचत होती. अशाच दाण्यांपासून पिशव्या, ठिबकच्या नळ्या आणि आपला मल्चिंगचा कागद तयार होतो. दाणा वाळूत सांडला तर वेचायला माणसे जमली. कागद वावरात फाटला तर कोण जमतो?

हा लेख खरे तर त्या कागदासाठीच लिहितो आहे.

आपल्या भागात टरबूज, खरबूज, मिरची, टोमॅटोला मल्चिंगचा कागद आता सर्रास झाला. त्याचे फायदे खोटे नाहीत. पाणी वाचते, खुरपणीचा खर्च घटतो, फळ मातीला लागत नाही. शासनही फलोत्पादन अभियानातून निम्म्या खर्चापर्यंत अनुदान देते. मी स्वतः कितीतरी शेतकऱ्यांना कागद घ्यायला लावला आहे, आणि योग्य पिकाला आजही घ्या म्हणेन. पण एक कबूल करतो. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर कागद अंथरला त्या दिवशी मी हजर होतो. फोटो काढले, फाइलला लावले. पीक निघाल्यावर तो कागद वावरातून निघाला का, हे पाहायला मी एकदाही गेलो नाही. अहवालाच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता, हे खरे. पण रकाना नसला तरी पाय होते.

दोन वर्षांनी त्याच वावरात दुसऱ्या कामाने गेलो. रब्बीचा हरभरा उभा होता. दोन ओळींच्या मधे चंदेरी तुकडे चमकत होते, नखाएवढे, बोटाएवढे. काही वाऱ्याने बांधाच्या बाभळीला अडकले होते. एक चौरस मीटर आखून वेचायला बसलो. मूठ भरली, दुसरी भरली, मग मोजणे सोडून दिले. शेतकरी शेजारीच उभा होता. म्हणाला, "साहेब, काढला होता की आम्ही. वरचा वरचा काढला. दाबलेला कुठं निघतो? मग रोटाव्हेटर मारला."

सगळे गाडे इथेच अडते. कागदाच्या दोन्ही कडा मातीत दाबलेल्या असतात. मधला भाग ओढला की कडेपाशी फाटतो, आणि दाबलेली पट्टी तशीच राहते. त्यावरून रोटाव्हेटर फिरला की पट्टीचा भुगा होतो. कारखान्यातसुद्धा इतक्या झटपट सूक्ष्म प्लास्टिक करता येणार नाही.

थोडा हिशेब करू. चार फूट रुंदीचे, चारशे मीटर लांबीचे, २५ मायक्रॉनचे एक बंडल सुमारे अकरा किलोचे भरते. पाच फुटांवर गादीवाफा असेल तर एकराला साडेसहा बंडले, म्हणजे सत्तर किलोच्या वर कागद लागतो. त्यातला समजा फक्त दहावा हिस्सा मातीत राहिला, तर सात किलो. सात किलो ऐकायला थोडे वाटते. पण २५ मायक्रॉनच्या सात किलो कागदाने तीन गुंठे जमीन झाकते. त्याचे पाच-पाच मिलिमीटरचे तुकडे झाले तर एक कोटी वीस लाखांच्या वर भरतात. हे एका एकराचे, एका हंगामाचे. दहा वर्षे हेच चालले तर पाऊण एकर जमिनीवर पसरेल एवढा कागद त्याच एकराच्या पोटात जातो. गणित माझे आहे, ज्याला पटत नाही त्याने बंडल काट्यावर ठेवून पुन्हा करावे.

मातीत राहिलेल्या कागदाने पाणी मुरायला अडथळा होतो, मुळे आडवी वळतात, पेरणीच्या फणात तो अडकतो. चीनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले. तिथे कागद फार पातळ वापरत, आठ मायक्रॉनचा. तो गोळा करता येईना. शिनजियांगच्या कापसाच्या शेतांत कागदाचे थर साचले आणि लोक त्याला पांढरे प्रदूषण म्हणू लागले. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या सरकारने कागदाची किमान जाडी दहा मायक्रॉन केली, कारण जाड कागदच परत उचलता येतो. आपल्याकडे दुकानदार "वीस मायक्रॉनचा घ्या, स्वस्त पडतो" असे सांगतो तेव्हा हे आठवावे. दोन पिके घ्यायची असतील तर ३० च्या खाली जाऊ नये. बंडलमागे चार पैसे वाचतात, पण ते पुढे वेचणीच्या मजुरीत जातात किंवा मातीत जातात. बरेचदा मातीतच जातात.

'आपोआप विरघळणारा कागद' म्हणून जो विकतात, त्याबद्दलही सावध राहा. त्यातला काही प्रकार नुसता लवकर तुकडे होणारा असतो. तुकडे होणे आणि कुजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे लवकर फुटणारे प्लास्टिक युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्याने बंद ठरवले, ते याच कारणाने. खरोखर मातीत कुजणारा कागद असतो, पण तो महाग आहे आणि त्याला तसे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नाही दाखवले तर पुढे चला.

कागद एकटाच दोषी आहे असेही नाही. सोयाबीनच्या गंजीवर घातलेली ताडपत्री दोन उन्हाळ्यांनी दोरे सोडते, ते आपण पाहतोच. खताच्या रिकाम्या गोण्यांचे धागे, प्लास्टिकची सुतळी, क्रॉप कव्हरच्या चिंध्या, तणनाशकाच्या बाटल्या, सगळे बांधावर. ठिबकच्या नळ्या मात्र वावरात फारशा राहत नाहीत. का? भंगारवाला किलोने पैसे देतो. ज्याला भंगारात भाव, ते परत येते. मल्चिंगच्या कागदाला माती आणि ओल चिकटलेली असते, म्हणून भंगारवाला तोंड फिरवतो. मग कागद बांधावर पेटतो. रात्री काळा धूर निघतो, राहिलेला गोळा तिथेच पडून राहतो. जाळणे हा मार्ग नव्हे. पीव्हीसीचा पाइप तर मुळीच जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.

हळदीवाल्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. काढणीच्या आधी नळ्या गुंडाळल्या नाहीत तर काढणी यंत्र त्यांचे तुकडे करते आणि ते कंदांबरोबर ढिगात येतात. हळद फाटक्या ताडपत्रीवर वाळवली की तिचे दोरे हळदीला चिकटतात. पॉलिशच्या ड्रममध्ये हे सगळे एकमेकांवर घासले जाते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या बाजारात लांबलांबून हळद येते ती इथल्या नावावर. बाहेरचा खरेदीदार आज कीटकनाशकाचा अंश तपासतो, उद्या प्लास्टिक तपासणार नाही असे कोणी सांगावे? तेव्हा धावपळ करण्यापेक्षा ताडपत्री आताच बदललेली परवडते.

आता मोजायचे कसे. समुद्रात हे काम करणारे लोक होडीमागे बारीक जाळी ओढतात, जाळीत आलेला गाळ मिठाच्या दाट पाण्यात ढवळतात, तरंगते ते गाळून तपासतात. प्रयोगशाळेची यंत्रे आपल्याकडे नाहीत, पण बादली आहे. मृद आरोग्य पत्रिकेसाठी आपण मातीचा नमुना घेतो, तसाच वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, वीतभर खोलीचा नमुना घ्यावा. ढेकळे फोडून आधी पाच मिलिमीटरच्या चाळणीने चाळावा. वर राहिलेले तुकडे वेचून वेगळे ठेवावेत. खालची दोन किलो माती बादलीत टाकावी. दहा लिटर पाण्यात साडेतीन किलो खडे मीठ विरघळवून, ते पाणी फडक्याने गाळून त्यावर ओतावे. गाळायचे का, ते लेखाच्या सुरुवातीला सांगितलेच आहे. चांगले ढवळून रात्रभर ठेवावे. आपली काळी माती चिकण, लवकर बसत नाही, घाई केली तर फसाल. सकाळी वर जे तरंगते ते पांढऱ्या फडक्यावर काढून वाळवावे. त्यात काडीकचराही असणार. सुई लाल करून टोचली की प्लास्टिक आक्रसते, वितळते. काडी जळून काळी पडते. कागद, नळी, गोणीचे धागे तरंगतात. पीव्हीसी मात्र बुडते, ते या चाचणीत सापडत नाही. आणि ते मिठाचे पाणी वावरात फेकू नका, रस्त्याच्या कडेला टाका, नाहीतर एक बरे करायला जाऊन दुसरे बिघडायचे.

हे काही प्रयोगशाळेचे मोजमाप नव्हे. पण एकाच वावरात दरवर्षी त्याच जागी केले तर वाढते आहे की घटते आहे, एवढे नक्की कळते. गावातल्या शाळेच्या नववी-दहावीच्या पोरांना दिले तर आपल्यापेक्षा चोख करतील.

काढण्याबाबत माझे म्हणणे थोडक्यात असे. पीक संपले की आधी झाड बुडापाशी कापून घ्यावे. उपटू नये, त्याबरोबर कागद फाटतो. मातीला वाफसा असताना, म्हणजे फार ओली नाही आणि कडकही नाही अशा वेळी, कुदळीने दोन्ही कडा मोकळ्या कराव्यात आणि मग कागद गुंडाळत जावा, ओढत जाऊ नये. उन्हाळाभर पडू दिलेला कागद हातात येत नाही, त्याचा चुरा होतो. एका एकराला चार-पाच बायांची रोजी जाते, हे मला माहीत आहे. म्हणूनच कागद काढल्याशिवाय रोटाव्हेटर घालायचा नाही, हे ट्रॅक्टरवाल्यालाही सांगून ठेवावे. आणि जिथे कागद नसला तरी चालते तिथे वापरूच नये. हळदीत भरणीनंतर सोयाबीनचे भुसकट पसरले तर तेच काम होते. ते भुसकट आपण पेटवून देतो, हे पाहून दर वर्षी माझा जीव तुटतो. उसाचे पाचटही तसेच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. प्लास्टिक कचऱ्याबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरवणारे नियम २०२२ मध्ये आले, पण ते वेष्टनाच्या प्लास्टिकला. खताची गोणी, औषधाची बाटली त्यात बसते. मल्चिंगचा कागद वेष्टन नव्हे, म्हणून तो परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. ही पळवाट बुजवा, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने वर पाठवता येते. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद करण्यात आली. त्या केंद्रात शेतातला कागद धुऊन, दाबून घेतला जातो का, हे विचारा. उत्तर 'नाही' आले तर ते लेखी मागा. माझे तर मत आहे की कागदाचे अनुदान दोन भागांत द्यावे. पहिला भाग अंथरल्यावर. दुसरा, जुना कागद वजन करून जमा केल्यावर. सत्तर किलो नेला, साठ किलो आणून दिला, मग पैसे. हे म्हणणे काही शेतकऱ्यांना आवडणार नाही, आणि खात्यातल्या काही मित्रांनाही नाही, कारण वजनकाटा घेऊन वावरात जावे लागेल आम्हालाच.

गाळाबद्दल एक राहिले. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळ वावरात टाकतात, ते चांगलेच. पण वरच्या शिवारातून वाहून गेलेला कागदही तलावात बसलेला असतो. सगळे प्लास्टिक समुद्रापर्यंत जात नाही. नाल्यात, तलावात, धरणात पुष्कळ अडते. ट्रॉलीतून गाळ टाकताना वर दिसणारे तरी वेचून घ्यावे, नाहीतर एकाच्या वावरातला कागद दुसऱ्याच्या वावरात जायचा.

त्या सभेतल्या बाबांच्या गावी मी पुन्हा गेलो होतो. त्यांच्या मुलाने यंदा टरबुजाचा कागद गुंडाळून काढला. बऱ्यापैकी अखंड निघाला. गोठ्याच्या मागे पत्र्याखाली चार मोठी गाठोडी बांधून ठेवली आहेत. भंगारवाल्याला दाखवली, तो नको म्हणाला. "आता सांगा साहेब, हे नेऊन कुठं टाकू?" मुलाने विचारले. तालुक्याला चौकशी करून कळवतो असे मी सांगितले आहे. गाठोडी अजून तिथेच आहेत.